जिन्यावरची घंटा

लिफ्टमास्तर राहायचे त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. जन्मभर लिफ्ट बसवून आणि दुरुस्त करून लोकांना वरखाली नेण्याची सोय करणारा हा माणूस स्वतःच्या घरी तिसऱ्या मजल्यावर पायी चढायचा. त्यावरून बायकोने मारलेले टोमणे मोजले असते तर पायऱ्यांपेक्षा जास्त भरले असते. मास्तर हसून म्हणायचे, "मला जिनाच आवडतो." हे अगदी खोटंही नव्हतं. त्यांचा दुसरा जिना मागच्या खोलीत टेबलावर होता.

हा दुसरा जिना म्हणजे एक जुना कॉम्प्युटर. दिसायला बेढब, रंग पिवळा पडलेला, पडद्यावर हिरवी अक्षरं. घरोघरी इंटरनेट पोचण्याआधीच्या काळात हौशी लोक घरच्या टेलिफोनला कॉम्प्युटर जोडून ठेवायचे. दुसऱ्या कुणी आपल्या कॉम्प्युटरवरून तो नंबर लावला की तो आत शिरायचा, निरोप वाचायचा, आपले लिहायचा, आणि यजमान जागेवर असेल तर त्याच्याशी लिहून गप्पा मारायचा. याला बुलेटिन बोर्ड म्हणत. फोन एकच, त्यामुळे एका वेळी आत एकच माणूस. मास्तरांनी आपल्या बोर्डाचं नाव ठेवलं 'जिना', कारण तो अरुंद होता आणि वर कोणी असेल तर बाकीच्यांना खाली थांबावं लागायचं. घरचा फोन कायम अडकलेला म्हणून बायको वैतागायची. "माहेरी कोणी आजारी पडलं तरी मला पत्राने कळेल," असं ती त्या काळात आल्यागेल्याला ऐकवायची.

त्या जिन्यावर एक जण रोज यायचा. ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा, दिवसभर शिकाऊ लोकांवर "क्लच, क्लच!" म्हणून ओरडायचा, आणि जिन्यावर त्याने स्वतःचं नाव घेतलं होतं 'हॉर्न'. त्याच्या गमती वाचून मास्तर एकटेच खो खो हसत, म्हणून शिकायला त्यांच्याकडे राहिलेली मेहुणी खांद्यावरून डोकावू लागली. मग मास्तर नसताना तीच जिन्यावर बसू लागली. पुढे काय झालं ते सांगायला नको. लग्न ठरलं तेव्हा मास्तरांची बायको म्हणाली, "दारातून येणारे जावई पाहिले होते, हा फोनच्या भोकातून आला." असे हॉर्न आणि मास्तर साडू झाले. मेहुणीला सगळे धाकटी म्हणत, ते तसंच राहिलं.

यथावकाश फोनवरचे बोर्ड बंद पडले, जिन्यावर कापड पडलं, केस पांढरे झाले. आणि मग हॉर्नच्या घशात गाठ निघाली. गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजही गेला. गळ्याला भोक आणि त्यात नळी.

बोलणाऱ्या माणसाचा आवाज जाणं काय असतं हे बघवत नव्हतं. लोक फोन करायचे, 'हॅलो, हॅलो' म्हणायचे, आणि पलीकडून नुसती हवा. एक दिवस हॉर्नने मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकला तो टाकलाच. मेसेज करा म्हटलं तर तो पाटीवर लिहून दाखवायचा, 'मेसेज म्हणजे पत्रं. मला बोलायचंय.' धाकटी रडकुंडीला आली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती, घर तिच्या पगारावर चाललं होतं, आणि याला दिवसभर एकटं कसं ठेवायचं हा प्रश्न होता.

तेव्हा मास्तरांना जिना आठवला. जिन्यावर गप्पा मारताना लिहिलेलं सबंध वाक्य एकदम जात नसे. अक्षर दाबलं की ते तिकडे उमटायचं. समोरचा अडखळला तर दिसायचं, शब्द खोडला तर दिसायचं, चिडून दणादणा दाबायला लागला तर तेही कळायचं. पत्र आणि बोलणं यांत जो फरक असतो तो नेमका हाच.

आता जुन्या कॉम्प्युटरला फक्त टेलिफोन कळतो, आणि तसला टेलिफोन तर उरला नाही. म्हणून मास्तरांनी एक नवा पीसी मध्ये बसवला. जुन्या यंत्राच्या पाठीतून एक केबल निघून पीसीत जायची, आणि पीसीतला एक प्रोग्राम त्याला सांगायचा, की मी टेलिफोन आहे बरं का, घंटी वाजतेय, उचल. माणूस प्रत्यक्षात इंटरनेटवरून येत होता, पण म्हाताऱ्या यंत्राला त्याची गंधवार्ता नव्हती. हॉर्नच्या घरीही तशीच मांडणी केली. हॉर्नने पहिल्यांदा 'जिना' असं टाइप करून नंबर लावला आणि मास्तरांच्या पडद्यावर एकेक हिरवं अक्षर उमटायला लागलं. 'कोण रे वर? साडू का?' मास्तरांनी चष्मा काढून पुसला. डोळेच पुसायचे होते, पण बायको बघत होती.

मग रिवाजच पडला. धाकटी कामाला निघाली की हॉर्न जिन्यावर यायचा. थोडं बोलायचं, मग दोघं आपापल्या उद्योगाला लागायचे. मास्तर काहीतरी उघडून बसलेले असायचे, हॉर्न पेपर वाचायचा किंवा गोळ्यांच्या गुंगीत खुर्चीत पेंगायचा. मधेच तो एक टिंब दाबायचा. टिंब म्हणजे 'आहे'. मास्तर उलट टिंब दाबायचे. बायको म्हणाली, "दोघं म्हातारे टिंबटिंब खेळतात." पण धाकटी आता निर्धास्त होती. मास्तरांनी तिला शब्द दिला होता. "तू बिनघोर जा. जिन्यावर मी बसलोय. काही झालं तर टॅक्सी करून निघेन."

नुसता शब्द देऊन गप्प बसणारा तो माणूस नव्हता. त्या केबलमध्ये अनेक तारा असतात, आणि त्यातल्या एकीचं काम एवढंच, की पलीकडे कोणी आहे की नाही ते सांगत राहायचं. मास्तरांनी भंगारात निघालेल्या एका लिफ्टची धोक्याची घंटा आणली आणि त्या तारेला जोडली. हॉर्नची लाइन तुटली की इकडे घंटा वाजणार. आवाज असा, की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे.

पहिल्यांदा वाजली तेव्हा मास्तर चपला उलटसुलट घालून पळाले. सबंध शहर ओलांडून पोचले तर हॉर्न गरम पाण्याने पाय शेकत बसलेला. नेट क्षणभर अडखळलं होतं, एवढंच. दुसऱ्यांदा पोचले तर तो झोपलेला. तिसऱ्यांदा त्याने दार उघडलं आणि पाटीवर लिहिलं, 'नेट गेलं की मी मेलो, असं ठरलंय का?' शिवाय दर वेळी जुना कॉम्प्युटर हॉर्नला जिन्यावरून ढकलून द्यायचा, मग पुन्हा नंबर लावा, पुन्हा नाव सांगा, अर्धं राहिलेलं वाक्य गेलं ते गेलंच. हॉर्न चिडायचा. चिडला की त्याला खोकला यायचा, आणि तो खोकला कुणाला बघवायचा नाही.

लिफ्टच्या धंद्यात एक पाप असतं. लिफ्टचं दार नीट लागलं की एक संपर्क जुळतो, आणि तो जुळल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. हा संपर्क जुना झाला की उगाच त्रास देतो, लिफ्ट मधेच थांबते, लोक बोंबलतात. मग आळशी मेकॅनिक काय करतो, तर तारेचा एक तुकडा घेऊन तो संपर्क कायमचा जोडून टाकतो. लिफ्ट मजेत चालते. दार उघडं असलं तरी चालते. मास्तरांनी या एका गोष्टीवरून हाताखालची माणसं कामावरून काढली होती. "लिफ्टला खोटं सांगू नका," ते म्हणायचे. "ती बिचारी विश्वास ठेवते."

आणि त्याच मास्तरांनी एका सकाळी सोल्डरिंग गन तापवली, केबलचं टोक उघडलं, आणि 'पलीकडे कोणी आहे' सांगणारी तार कायम जिवंत असलेल्या तारेला जोडून टाकली. आता नेट अडखळलं तरी जुन्या कॉम्प्युटरला पत्ता लागणार नव्हता. घंटा गप्प, हॉर्न खूश. लाइन खरोखरच तुटली तरी यंत्र हॉर्न आहे असंच समजणार, हे मास्तरांना कळत नव्हतं असं नाही. तात्पुरतं आहे, चांगला उपाय सुचला की काढू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. शिवाय टिंब होतंच की. तात्पुरत्या गोष्टीइतकं टिकाऊ जगात काही नसतं.

हॉर्न गेला तो दिवस अगदी साधा होता. धाकटी नेहमीसारखी दुकानात गेली. हॉर्न जिन्यावर आला, काल रात्री झोप लागली नाही म्हणाला, जुन्या एका शिकाऊ बाईची गोष्ट सांगितली, जिने गाडी थेट पोलीस चौकीच्या पायरीवर चढवली होती. मास्तर हसले. मग टिंब आलं, मास्तरांनी टिंब दिलं. मास्तर एक बंद पडलेलं घड्याळ उघडून बसले. बऱ्याच वेळाने अक्षरं आली. 'ऐक ना. मला जरा'

पुढे काही आलं नाही.

मास्तरांनी वाट बघितली. 'काय जरा?' त्यांनी विचारलं. उत्तर नाही. रात्री झोप लागली नाही म्हणाला होता, गोळी घेतली असणार, बोलता बोलता मान टाकली असेल. असं आधीही झालं होतं. लाइन तर जोडलेली होती, कोपऱ्यात हॉर्नचं नाव दिसत होतं. मास्तरांनी लिहिलं, 'झोप. मी आहे.' आणि ते खरोखर राहिले. बायकोने जेवायला हाक मारली तर ताट तिथेच मागवलं. चहा झाला. उन्हं भिंतीवरून सरकली. मधून मधून ते एक टिंब दाबायचे आणि मनात म्हणायचे, झोपू दे बिचाऱ्याला. त्या दुपारी आपण फार चांगलं काम करतोय असं त्यांना वाटत होतं.

संध्याकाळी बायकोच्या मोबाइलवर फोन आला. ती "हां, बोल गं," म्हणाली आणि मग भिंतीला धरून खाली बसली.

मास्तर पोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. हृदय बंद पडलं म्हणाले. शेजारीपाजारी जमले होते, कोणीतरी म्हणालं, "झटक्यात गेले, सुटले." हॉर्नला पलंगावर ठेवलं होतं. धाकटी मास्तरांना बघताच उठली आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

"भाऊजी, शेवटपर्यंत तुमच्याशीच बोलत होते हो," ती म्हणाली. "मी आले तर कीबोर्डवर हात तसाच. एकटे नव्हते, तेवढंच देवाने केलं."

ती त्यांना टेबलाकडे घेऊन गेली. हॉर्नचा जुना पडदा अजून चालू होता. वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता. जिना. खाली सात. पुन्हा जिना. पुन्हा सात. खाली खाली अक्षरं चुकत गेली होती, जनि, जिा, आणि एकेका ओळीला नुसता ज. ज च्या खाली काही नव्हतं.

"बघा, सारखं तुमच्याच जिन्याचं नाव," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "पण हे सात काय हो? सात म्हणजे काय?"

जुनी यंत्रं शब्दांत उत्तर देत नाहीत, आकड्यांत देतात. एक म्हणजे लागला. सात म्हणजे लाइन अडलेली आहे, वर कोणीतरी आहे. त्या दिवशी नेट नुसतं अडखळलं नव्हतं, क्षणभर खरोखर तुटून लगेच परत आलं होतं, आणि हॉर्नच्या बाजूचं यंत्र जिन्यावरून बाहेर पडलं होतं. हॉर्नने पुन्हा जिना लावला. पण मास्तरांचं यंत्र आधीच्या हॉर्नला धरून बसलं होतं, तो गेलेला त्याला कळलाच नव्हता, कारण मास्तरांनी तशी तार जोडली होती. हॉर्न लावत राहिला आणि जिना सांगत राहिला, जागा नाही. त्याची जागा त्यानेच अडवली होती. आणि मास्तर त्या रिकाम्या जागेसमोर बसून टिंबं दाबत होते.

झटक्यात कसला गेला? पडदाभर वेळ होता त्याच्याकडे. टॅक्सीने येऊन उचलून नेण्याइतका होता की नव्हता, ते आता कोण सांगणार?

"सांगतो नंतर," ते म्हणाले.

मग माणसं येऊन गेली, सगळं काही पार पडलं. धाकटी सावरली, आणि ती कशाच्या जोरावर सावरली ते मास्तरांना दिसत होतं. जो येईल त्याला ती सांगायची, "मी कामावर होते, पण भाऊजी होते ना त्यांच्याबरोबर. एक क्षण एकटं सोडलं नाही हो." लोक मास्तरांकडे आदराने बघायचे. एक-दोघांनी पाठीवर हात ठेवला. त्या हातांचं ओझं मास्तर जिन्याने वर घेऊन यायचे आणि मागच्या खोलीत जाऊन बसायचे. पडद्यावर अजून तेच होतं. 'ऐक ना. मला जरा'. त्याखाली त्यांची उत्तरं, त्याखाली टिंबं. कोपऱ्यात हॉर्नचं नाव. यंत्राच्या हिशेबी तो अजून वरच होता.

आणि खरं सांगायचं तर मास्तरांनाही ते यंत्र बंद करवत नव्हतं. ते खोटं आहे हे माहीत असून रोज सकाळी ते नाव बघून त्यांना बरं वाटायचं. माणूस इतका लबाड असतो.

एका दुपारी धाकटीचा फोन आला. तिला जिना शिकायचा होता. "दुकानातून आलं की घर खायला उठतं. यांच्या खुर्चीत बसून तुमच्याशी चार अक्षरं बोलेन म्हणते. टिंब टाकलं तरी चालेल. तुम्ही असता ना तिथे?"

"असतो," मास्तर म्हणाले. फोन ठेवून ते खोलीत गेले, केबलचं टोक उघडलं आणि कटरने ती तार कापली.

घंटा वाजली.

इतक्या दिवसांनी वाजली म्हणून की काय, ती कानठळ्या बसवणारी वाजली. पडद्यावरचं हॉर्नचं नाव पुसलं गेलं. बायको स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली. "काय झालं? कोणाची लाइन तुटली?"

"त्याची," मास्तर म्हणाले. "त्या दिवशी वाजायची ती आज वाजतेय."

बायकोला केबल कळत नव्हती, पण चाळीस वर्षं नवरा कळत होता. कटर, उघडं टोक, घंटा आणि त्यांचा चेहरा, एवढं तिने बघितलं. घंटा मधल्या काळात कधी वाजली नव्हती, हेही तिला आठवलं असावं. ती स्टुलावर बसली.

"तिला सांगू नका," ती शेवटी म्हणाली. "माझी बहीण तेवढ्यावर उभी आहे. ते काढून घेऊन तुम्हाला काय मिळणार? तुमचं मन हलकं होईल आणि तिचं जड."

हे खरंच होतं. खरं बोलण्यातही माणसाचा स्वार्थ असतो, हे त्यांना त्या क्षणी पुरतं कळलं.

"ती त्याच्या खुर्चीत बसणार आहे," ते म्हणाले. "आणि मी इथे आहे यावर विश्वास ठेवणार आहे. तोही ठेवून बसला होता."

"निदान ती घंटा तरी बंद करा हो."

"बंद करता येते तिला," मास्तर म्हणाले, "म्हणूनच तर हे झालं." आणि त्यांना रडू फुटलं. लहान मुलासारखे, नाक गळेपर्यंत रडले. बायकोने पदराने त्यांचं तोंड पुसलं.

मग त्यांनी धाकटीला फोन लावला. तिने पहिल्याच घंटीला उचलला.

"भाऊजी? ही मागे कसली घंटा वाजतेय?"

"तू विचारलं होतंस ना," मास्तर म्हणाले, "सात म्हणजे काय."

त्यांनी सांगितलं. तार सांगितली, घंटा का गप्प केली ते सांगितलं, 'मला जरा' सांगितलं, आणि दुपारभर आपण कोणासमोर बसलो होतो तेही सांगितलं. माफी मागायला त्यांना शब्द सापडला नाही म्हणून ते थांबले. तिकडून फक्त श्वास ऐकू येत होता. मास्तर कानाला फोन लावून उभे राहिले. काहीही ऐकायची त्यांची तयारी होती.

थोड्या वेळाने तो श्वासही ऐकू येईनासा झाला आणि फोन बंद झाल्याची टोन वाजू लागली. या वेळी मास्तरांना ते लगेच कळलं.